बंपर सोडून बाकीचा क्लेम मंजूर!

प्रश्न : माझी 2013 ची पिकअप आहे, देवगडहून आंब्याच्या पेट्या वाहतो. एप्रिलमध्ये नांदगाव तिठ्यावर चिऱ्याचा डंपर रिव्हर्स घेताना माझ्या गाडीवर आला. विमा कंपनीने रेडिएटरचे पैसे दिले. बंपर, हेडलाइट आणि रंगाचे नाकारले. इन्शुरन्स फुल आहे. कंपनीवर केस करू का? डंपरवाला दोन हजार देऊन मिटवू म्हणतो. फिटर म्हणतो, बंपर कशाला, लोखंडी गार्ड मारून देतो.

उत्तर : केस कराल, पण बहुधा हराल. पॉलिसी काढून मागची पानं बघा. मालवाहू गाडीच्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे तुम्ही म्हणता त्या फुल इन्शुरन्समध्ये, आयएमटी 21 नावाचं कलम असतं. गाडी पूर्ण निकामी झाली नसेल तर बंपर, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे भाग, दिवे, टायर आणि रंगकाम त्यात वगळलेलं असतं. हे भाग हवे असतील तर जादा हप्ता भरून आयएमटी 23 घ्यावं लागतं. हप्त्याच्या तक्त्यात ती ओळ नसेल तर कंपनीचा नकार नियमाला धरून आहे. एजंट हे सांगत नाहीत, कारण हप्ता वाढला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. ती ओळ असेल, तर मात्र ग्राहक आयोगात जरूर जा. गाडीवर स्वतःचं पोट भरणारा माणूस कायद्याने ग्राहकच आहे.

तुमचा खरा देणेकरी डंपरवाला. त्याच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही येतं, साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत. काही मालक हप्ता वाचवायला ही मर्यादा 6,000 वर आणतात. तसं असेल तर वरचे पैसे त्याच्या खिशातून. त्याचा विमा कोणाकडे आहे, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 160 खाली पोलीस ठाण्यात किंवा आरटीओत अर्ज करून मागता येतं. ठाण्यात नोंद केली की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर उद्याच जा, फोटो घेऊन.

मग मालक आणि त्याची विमा कंपनी, दोघांना बिलांसह नोटीस पाठवा. बिलं तुमच्या कंपनीने न दिलेल्या रकमेची. रेडिएटरचे तेच पैसे पुन्हा मागता येणार नाहीत. एवढ्या रकमेला मालक बहुतेक वेळा नोटिशीवरच तडजोडीला येतो. न आल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, पण अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने, म्हणजे तुमच्यासाठी ऑक्टोबर. दोन हजार घेऊन 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून दिलंत, तर हे सगळं तिथेच संपलं.

गार्डचं म्हणाल तर नको. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय. मूळ बंपरसारखाच बंपर बसवलात तर आरटीओत नोंद लागत नाही. जुना मात्र एवढ्यात भंगारात देऊ नका. डंपरच्या विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तर पहिल्यांदा तोच मागेल.