वाचकांचे प्रश्न : बाळाच्या डोळ्याची नस लहान असेल तर

प्रश्न : मुलगी पाच महिन्यांची आहे. नजर ठरत नाही, बुबुळे सारखी हलतात. दोन्ही डोळ्यांच्या, मेंदूकडे जाणाऱ्या नसा जन्मतःच लहान आहेत म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला. डोळ्यासाठी मेंदूचा फोटो कशाला? घरात म्हणतात, पोटुशी असताना ग्रहण पाहिले म्हणून हे झाले.
– एक आई, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ग्रहणाने हे होत नाही. बहुतेक मुलांच्या घराण्यात असे आधी कुणालाच नसते. तुमच्याकडून काही चुकलेले नाही, हे घरच्यांना ठामपणे सांगा.

एमआरआय मात्र टाळू नका. नस लहान असलेल्या अनेक मुलांत मेंदूच्या तळाची, शरीरातली हार्मोन सांभाळणारी पिट्युटरी ग्रंथीही कमी काम करते. फोटोत ती ग्रंथी आणि तिचा देठ पाहतात. फोटो चांगला आला तरी हार्मोन कमी असू शकतात, त्यामुळे रक्त तपासावेच लागते : साखर, सोडियम, कॉर्टिसॉल (आजारपणात शरीराला तग धरू देणारे हार्मोन), आणि टीएसएचसोबत (थायरॉइडला चालना देणारे पिट्युटरीचे हार्मोन) फ्री टी-4 (थायरॉइडचे हार्मोन). नुसत्या टीएसएचवर फसगत होते. इथे दोष थायरॉइडचा नसून पिट्युटरीचा असतो. टीएसएच नॉर्मल दिसतो आणि टी-4 कमी असतो. कॉर्टिसॉलही कमी निघाले तर त्याचे औषध (स्टेरॉइड) आधी सुरू करतात. थायरॉइडची गोळी आधी दिल्यास बाळ अत्यवस्थ होऊ शकते. जन्मानंतर कावीळ लांबली होती का, साखर उतरली होती का, हे डॉक्टरांना सांगा. कमतरता पुढेही उघडी पडते, म्हणून उंची-वजनाची नोंद आणि तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

खरी भीती तापाची आहे. कॉर्टिसॉल कमी असलेल्या बाळाला ताप-उलट्यांत स्टेरॉइडचा वाढीव डोस लागतो. तो चुकला तर साखर आणि रक्तदाब कोसळून जिवावर बेतते. डोस कागदावर लिहून घ्या, एक प्रत आजीकडेही ठेवा. पिट्युटरीचे पाणी राखणारे हार्मोन कमी पडले तर काही मुलांना लघवी फार होते. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात अशा बाळाचे पाणी झपाट्याने कमी होते. लंगोट सतत चिंब आणि बाळ मलूल दिसले तर लगेच दवाखाना गाठा.

नस वाढवणारे औषध नाही. स्टेम सेलचा उपयोग सिद्ध झालेला नाही, त्यासाठी दागिने मोडू नका. तरीही पहिल्या काही वर्षांत नजर थोडी सुधारू शकते. थेंब टाकून चष्म्याचा नंबर काढून घ्या, ठळक रंगांची खेळणी जवळून दाखवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना कागद दाखवा.

प्रश्न : मुलाच्या एका डोळ्यात ‘मॉर्निंग ग्लोरी’ दोष (नसेचे टोक जन्मतःच फुलासारखे पसरट आणि खोलगट असणे) आहे. नसच बिघडली, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी कशाला?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नसेच्या दोषावर आळशी डोळ्याचा (मेंदू त्या डोळ्याचा वापर कमी करतो म्हणून नजर आणखी मंदावण्याचा) थर चढतो, पट्टीने तेवढा भाग परत मिळू शकतो. चष्मा लावून काही महिने प्रयत्न करावा, फरक नसेल तर थांबवावे. एमआरआयसोबत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचाही फोटो हवा, कारण काहींच्या रक्तवाहिन्या अरुंद असतात. काहींच्या नाकात मागून उतरलेला मेंदूचा भाग मांसाच्या गाठीसारखा दिसतो. स्कॅनशिवाय त्याला कुणालाही हात लावू देऊ नका. या डोळ्यात पडदा सुटण्याचा धोका राहतो, म्हणून ठरावीक तपासणी हवी. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा दिवसभर घालायला लावा. चांगला डोळा एकच आहे.