न्यायाधीश ‘आपला’ कशाला हवा?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ज्या चिन्हासमोरचं बटण दाबलंस, त्याच चिन्हाविरुद्ध तुझा आमदार आता भाषणं ठोकतोय, म्हणून तुझा संताप झालाय. व्हायलाच हवा. पण शेवटी तू लिहिलंयस, ‘कोर्टंही त्यांचीच. त्यापेक्षा निवडून आलेल्यांनीच न्यायाधीश नेमावेत, म्हणजे निदान जबाबदारी तरी ठरेल.’ इथे मात्र आपलं जमत नाही.

मतदानाआधी तू उमेदवारांची शपथपत्रं उघडून कुणावर किती खटले, कुणाची किती मालमत्ता, हे सगळं मला कळवलं होतंस. ती शपथपत्रं तुझ्या हाती आली कशी, ते बघ. उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता, शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी सांगितलं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष लगेच एका सुरात बोलू लागले. आधी अध्यादेश निघाला, मग लोकप्रतिनिधित्व कायद्यात ३३-ब हे कलम आलं. त्याचा मथितार्थ असा, की कोर्टाने काहीही सांगितलेलं असो, कायद्यात नाही ती माहिती द्यायला उमेदवार बांधील नाही. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केलं. पुढच्या वेळी ज्याची धमकी देतोयस ते ‘नोटा’चं बटणही २०१३ च्या सप्टेंबरमधल्या निकालातून आलंय. (दाब खुशाल. पण नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी निवडून येतो तो त्याखालचा उमेदवारच, एवढं ध्यानात ठेव.)

त्या न्यायाधीशांची बढती याच पक्षांच्या मर्जीवर असती, तर ३३-ब रद्द झालं असतं का? बढती सरकारच्या हाती असली की काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. संसदेला राज्यघटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, असं सात विरुद्ध सहा मतांनी ठरलं. लगेच शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून चौथ्याला सरन्यायाधीश केलं गेलं. डावललेले तिघेही त्या सातांतले. पुढे आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येतं का, हा प्रश्न आला तेव्हा पाचांपैकी एकट्या न्या. हंसराज खन्नांनी ‘येतं’ म्हटलं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची पाळी चुकवली गेली. त्यांनी राजीनामा दिला.

याचा अर्थ कोर्टाची आरती ओवाळायची असा नाही. न्यायाधीशांच्या नावांची शिफारस करणारं ज्येष्ठ न्यायाधीशांचं मंडळ, म्हणजे कॉलेजियम, बंद दाराआड चालतं. निवृत्तीनंतर काही महिन्यांत एखाद्या न्यायमूर्तींना राज्यपालपद किंवा राज्यसभेची जागा मिळते, तेव्हा त्यांचे जुने निकाल लोक संशयाने चाळू लागले तर त्यात लोकांचं काय चुकलं? आणि दिरंगाई तर विचारूच नकोस. त्यावर हवं तितकं बोल. फक्त निकाल कुणाच्या पथ्यावर पडला, एवढ्यावरून न्यायाधीश विकला गेल्याचं ठरवू नकोस.

शिवसेनेतल्या फुटीचाच निकाल घे, ११ मे २०२३ चा. विजय आमचाच, असं दोन्ही गटांनी त्याच दिवशी सांगितलं आणि तू वाहिनीवरच्या पट्ट्या वाचून चिडलास. पाच न्यायाधीशांनी एकमताने काय म्हटलं होतं? राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं. विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा होती. पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही. आमदारांच्या अपात्रतेचा प्रश्न मात्र न्यायालयाने अध्यक्षांकडेच सोपवला. जून २०२२ मधली फूट, तिच्यावर अध्यक्षांचा निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला. एकही आमदार अपात्र ठरला नाही, आणि तोवर विधानसभेचं शेवटचं वर्ष उजाडलं होतं.

तुझ्या संतापाचं खरं मूळ इथे आहे, असं मला वाटतं. पक्षांतराचा पहिला निवाडा करणारा अध्यक्ष स्वतःच एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातली, ही सोय १९८५ साली संसदेनेच केली. हा अधिकार अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र लवादाकडे देण्याचा संसदेने विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सुचवलं होतं. कुठल्याही मोठ्या पक्षाने त्यासाठी रान उठवल्याचं मला दिसलं नाही.

तेव्हा न्यायाधीश कुणी नेमावेत ते तूर्त राहू दे. आधी तो ११ मेचा निकाल सबंध वाच, निदान शेवटचे निष्कर्ष तरी. मग मत मागायला कुणी दारात आलं की विचार, पक्षांतराचा निवाडा अध्यक्षांकडून काढून घ्यायला तुमचा पक्ष तयार आहे का? ‘वरिष्ठ ठरवतील’ असं उत्तर येईल बहुतेक. त्याच्या विरोधकालाही तेच विचार आणि दोघं काय म्हणाले ते मला कळव.

तुझा,
काका