पंधरा नंबरची जर्सी

प्रिय मुली,

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. "मॅडम, आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलला नऊच मुली नेऊ का? ऑफिस म्हणतंय, बाकीच्या तिघी खेळतच नाहीत, त्यांचा टीए-डीए कशाला?" मी लगेच उत्तर टाइप केलं आणि पुसून टाकलं. रागात लिहिलं होतं. आज जमेल तितकं शांतपणे लिहिते.

बारा न्यायच्या.

नऊ मुलींत पाच-पाचचा सराव होत नाही. ऑफिसातल्या माणसाला हे कळणार नाही, पण तुला कळायला हवं. ज्या तिघींना तू मागे ठेवायला निघालीस, त्यांना धडकून धडकूनच तुझ्या पहिल्या पाचजणी तयार झाल्या आहेत. जुलैपासून त्या डिफेन्सला उभ्या राहतात, स्क्रीन लावतात म्हणजे अंगाने वाट अडवून धरतात, सिमेंटवर गुडघे फोडून घेतात. आणि गाडीत बसायची वेळ आली की त्या "खेळत नाहीत"?

मी एकदा नऊ नेल्या होत्या, नोकरीच्या सातव्या वर्षी. तेव्हा जर्सीला चार ते पंधरा एवढेच नंबर असायचे. आमच्याकडे पंधरा नंबर सगळ्यात शेवटी निवडलेल्या मुलीला मिळायचा. धोबी परवडत नसे, म्हणून जर्सी मीच घरी नेऊन धुवायचे. एकदा दोरीवर बाराही वाळत घातल्या होत्या. चार, पाच, सात नंबरचा मरून रंग उडून विटकरी झालेला आणि पंधरा नंबर दुकानातून आणल्यासारखा गडद. मी ते पाहिलं आणि चिमटे लावून आत गेले.

निघायच्या दिवशी ती मुलगी पहाटे एसटी स्टँडवर आली होती. तिला न्यायचं नाही हे मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, तरी आली. हातात लिंबू-साखरेच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन. तो गाडीत चढवून दिला, सगळ्यांच्या हातावर टाळ्या दिल्या आणि गाडी वळेपर्यंत उभी राहिली. पुढच्या सोमवारी ती ग्राउंडवर आली नाही. नंतर कधीच आली नाही.

त्या वर्षी आम्ही करंडक आणला. फोटोत नऊ मुली आहेत. पैसे नव्हते हे खरं आहे, कुणालाही विचार. मी एकटी, वर महिन्याचं मानधनही वेळेवर नाही, मी काय करणार होते? बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. पण तुला सांगते, मी पैसे मागितलेच नव्हते. नऊचा आकडा कुणी सांगायच्या आधी मीच कागदावर लिहून नेला होता, कारण मला शहाणी, काटकसरी कोच दिसायचं होतं.

म्हणून तुझा मेसेज मला इतका झोंबला.

पॅट समिट यांचं नाव तू ऐकलं असशील. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाला त्यांनी १९७४ ते २०१२ असे ३८ हंगाम शिकवलं. सुरुवात केली तेव्हा वय २२, पगार महिना २५० डॉलर. व्हॅन स्वतः चालवायच्या, संघाचे कपडे स्वतः धुवायच्या. पहिलाच सामना एका गुणाने हरल्या. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद थेट १९८७ मध्ये, आणि तू तीन महिन्यांत घाबरलीस. शेवटी ते धरून एकूण आठ विजेतेपदं आणि १०९८ विजय झाले. लोक हेच आकडे सांगतात. मला मात्र त्यांचा दुसरा हिशेब मोठा वाटतो. त्यांच्याकडे कॉलेज संघातून खेळता येतं ती सगळी वर्षं पूर्ण खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. प्रत्येक मुलीने. त्यात बेंचवर बसलेल्याही आल्या. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं हा नियम संघातल्या सगळ्यांना होता, फक्त पहिल्या पाचजणींना नव्हता.

तिकडे १९७२ च्या कायद्याने शाळा-कॉलेजांत मुलींना डावलायला बंदी झाली, त्याचा आधार त्यांना होता, हे मला माहीत आहे. आपल्याला प्रत्येक चेंडूसाठी अर्ज करावा लागतो. मग कर अर्ज! तेराव्यांदा कर. प्राचार्यांच्या केबिनबाहेर बस. मी पुढची सगळी वर्षं तेच केलं, माझ्यावर हट्टी असा शिक्का बसला आणि तो मी पुसला नाही.

एका उपांत्य सामन्यात दोघी पाच-पाच फाऊल होऊन बाहेर गेल्या, तिसरीचा घोटा मुरगळला. तेव्हा अकरावी मुलगी उतरली. तिने बास्केट एकही केली नाही, पण त्यांच्या शूटरला शेवटची चार मिनिटं हलू दिलं नाही. ऑफिसला पटवायला ही गोष्ट वापर, उपयोगी पडते. पण तू स्वतः या गोष्टीवर विसंबू नकोस. ती मुलगी एक मिनिटही उतरली नसती तरी तिला न्यायलाच हवं होतं.

आणि नेऊन नुसती बसवू नकोस, तेही मी केलंय. वीस गुणांनी पुढे असताना पहिल्या पाचजणींना कोर्टवर ठेवून मी आकडा फुगवला आहे. टाइमआऊटला बाराही मुली गोलात आल्या पाहिजेत. बाराव्या मुलीच्या डोळ्यांत बघून बोल. तिला ऐकू गेलं तर सगळ्यांना गेलं.

तू माझ्याकडे खेळायचीस तेव्हा पहिलं वर्षभर पंधरा नंबर तुझ्याच अंगावर होता. विसरलीस का गं? मी नाही विसरले. गाडी सुटायच्या अर्धा तास आधी तू येऊन बसायचीस, खिडकीजवळ, बॅग मांडीवर घेऊन, कुणी उतरवेल की काय अशा चेहऱ्याने.

शनिवारपर्यंत मला यादी पाठव. तिच्यात बारा नावं पाहिजेत. आधी लेखी अर्ज दे, पोच घे. तरी तीन तिकिटांचे पैसे कमी पडले तर मला फोन कर, रात्री साडेअकराला केलास तरी चालेल.

तुझी,
मॅडम