अस्तित्ववाद म्हणजे नेमकं काय?
सोप्यात सांगायचं तर माणूस आधी जन्माला येतो आणि आपण कोण हे नंतर स्वतःच्या निवडीतून घडवतो. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने १९४५ च्या पॅरिसमधल्या भाषणात कागद कापायच्या सुरीचं उदाहरण दिलंय, सुरी कशासाठी हे कारागिराला आधीच माहीत असतं, माणसाचं तसं ठरलेलं नसतं. त्यातच त्याच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट आहे, भाऊ युद्धात मारला गेलेला, आई एकटी, तिच्याजवळ राहू की लढायला जाऊ असं तो विचारतो, आणि सार्त्र म्हणतो तू मोकळा आहेस, तूच ठरव. मला हाच भाग सगळ्यात जड वाटतो कारण मग 'माझा नाइलाज होता' म्हणायची सोयच उरत नाही. आणि हो, सगळे अस्तित्ववादी नास्तिक नसतात, डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द तर पक्का श्रद्धाळू होता.