आधी तोंड उघड, मग कांजी मोज

अगं, तुझा मेसेज वाचला. जपानीची एन-फोर परीक्षा पास झालीस, अँकी या शब्द पाठ करायच्या ॲपमध्ये कार्डांचा ढीग लावलायस आणि तरी ऑफिसात जपानी पाहुणे आले तेव्हा तोंडातून एक वाक्य फुटलं नाही, म्हणून आता विचारतेयस की घरी बसून जपानी येतच नाही का. येते गं. पण तू मुकाट्याने शिकतेयस, आणि राग येतो तो त्याचाच.

मोठ्याने म्हण. तू दिलीस त्या जेएलपीटीत, म्हणजे जपानीच्या परीक्षेत, बोलण्याचा पेपर नाही, हाताने लिहिण्याचाही नाही, सगळे पर्याय निवडायचे. एन-फोरला 180 पैकी 90 लागतात आणि ऐकण्याच्या भागात 60 पैकी 19 आले तरी निभावतं, बाकीची भर वाचनातून काढता येते. म्हणजे तोंड न उघडता पास होता येतं, आणि तू तेच केलंस.

आपण टोकियो म्हणून मोकळे होतो. तिथला माणूस तो-ओ-क्यो-ओ असे चार सारख्या लांबीचे ठोके धरतो. शाळेत मात्रावृत्त शिकलीस ना, लघूची एक आणि गुरूच्या दोन? मग हे तुला परकं कसं? त्यांच्या काना लिपीचा क्रम म्हणून बघ, आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून, आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर बसलेला क्रम आहे तो. क्रियापदही आपल्यासारखंच शेवटी. एवढं हाताशी असताना तू अजून रोमाजी, म्हणजे इंग्रजी अक्षरांतलं जपानी, वाचतेस! सोड ते, आजच सोड.

माझ्या वेळी गावात जपानी बोलणारं कुणी नव्हतं, एक घासलेली कॅसेट होती, तिच्यामागे मी खोलीत धडे म्हणायचो आणि घरचे दार लावून घ्यायचे. माझे स्वरांचे चढउतार आजही नीट बसत नाहीत, ती खंत जात नाही. तुला एनएचके वर्ल्ड या जपानी वाहिनीचे धडे फुकट ऐकायला मिळतात, मग गप्प का बसतेस?

एन-वनचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचा, कागद माझ्याकडे नाही. लोक विचारतात, मग एवढं करून उपयोग काय? 2,136 ज्योयो कांजींची, म्हणजे रोजच्या वापरातल्या चिनी वळणाच्या अक्षरांची, हजेरी घेत बसण्यापेक्षा मला समोरच्याशी बोलायचं होतं, आणि मी बोलतो, तासन्‌तास बोलतो. हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

आणि संस्कृतीचं वेगळं पुस्तक शोधू नकोस. बाहेरच्या माणसाचा फोन आला की तिथला ज्युनिअर आपल्याच साहेबांचं नाव 'सान' हा मानाचा शब्द न लावता घेतो, कारण बाहेरच्यापुढे साहेब आपल्यातले. आपण उलट "आमचे साहेब" म्हणून मान देतो. हा नियम वाचून लगेच कळतो, पण तो संवाद मोठ्याने म्हणताना जीभ अडते, आणि अडून अडूनच तो अंगात भिनतो.

रोज एकच छोटा संवाद घे, आधी ऐक, मग त्या आवाजाच्या पाठोपाठ म्हण, फोनवर रेकॉर्ड कर आणि मूळ आवाजाशेजारी लावून ऐक, कितीही लाज वाटली तरी. डिसेंबरला एन-थ्री द्यायची तर खुशाल फॉर्म भर. पण रविवारपर्यंत पहिलं रेकॉर्डिंग मला पाठव, चुकांसकट, आणि पाहुण्यांपुढे जे बोलायचं राहिलं तेच त्यात बोल.