बेसबॉलमध्ये बेस चोरण्याला खरंच किती महत्त्व असतं?

तुम्ही विचारलंय की ओकलँड संघाच्या रिकी हेंडरसनने 1982 साली 130 बेस चोरले, म्हणजे फलंदाजाच्या फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला, त्याचा संघाला नेमका किती फायदा झाला? आकडा ऐकून वाटतो त्याच्या मानाने फारच थोडा.

हिशोब मांडून बघा. दुसरा बेस चोरला की त्या डावात साधारण 0.2 धावेची भर पडते. पकडला गेलात तर 0.4 च्या वर फटका, कारण बेसवरचा गडीही जातो आणि सामन्यातल्या 27 पैकी एक आउटही खर्ची पडतो. म्हणजे फसलेली एक चोरी साधलेल्या दोन गिळते. हेंडरसन त्या वर्षी 42 वेळा पकडला गेला. 130 चोऱ्यांच्या 26 धावा, त्यातून वजा 18 च्या आसपास. उरल्या जेमतेम आठ. दहा जादा धावा म्हणजे एक विजय, असा ढोबळ नियम आहे. थोडक्यात, 172 वेळा मातीत लोळून एक अख्खा सामनाही पदरात पडला नाही! त्याच मोसमात त्याने 116 वॉक काढले, म्हणजे वाईट चेंडू सोडून फुकटात पहिला बेस. ते नुसतं उभं राहणं संघाला कितीतरी जास्त फळलं.

म्हणून मी चोऱ्यांची संख्या बघतच नाही, दहातल्या किती साधल्या ते बघतो. सातच्या खाली असेल तर त्याने गप बेसवर थांबावं. टिम रेन्स या खेळाडूने कारकिर्दीत 808 चोरले आणि फक्त 146 वेळा सापडला. याला म्हणतात चोर.

पण मैदानात बसलं की हा हिशोब डोक्यातून जातो. मी तिकीट पहिल्या बेसच्या बाजूचंच काढतो. धावणारा तीन-चार पावलं पुढे सरकतो, गुडघे वाकवतो, खो-खोतल्यासारखी हूल देतो. पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातून कॅचरकडे (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याकडे) आणि तिथून दुसऱ्या बेसवर चेंडू पोचायला सव्वातीन-साडेतीन सेकंद. सगळा खेळ तेवढ्यातच.

आणि कधीकधी एकच चोरी सगळे हिशोब उधळते. 17 ऑक्टोबर 2004, बॉस्टनचा संघ न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या मालिकेत 0-3 ने मागे, नववा डाव, एका धावेची पिछाडी. धावायला खास आणलेल्या डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, पुढच्या फटक्यावर बरोबरी झाली, बाराव्या डावात बॉस्टन जिंकलं आणि पुढे मालिकाही.

2023 पासून बेस 15 इंचांचे 18 इंच झाले आणि पिचरला एका फलंदाजासमोर दोनदाच थांबायची किंवा धावणाऱ्याला बाद करायला पहिल्या बेसवर फेकायची मुभा उरली. तिसऱ्यांदा फेकून गडी बाद झाला नाही, तर धावणाऱ्याला पुढचा बेस बहाल. एका वर्षात चोऱ्या 2,486 वरून 3,503 वर गेल्या. गंमत म्हणजे त्या रात्री रॉबर्ट्स पळण्याआधी यांकीजचा पिचर मारियानो रिवेरा याने पहिल्या बेसवर तीनदा चेंडू फेकला होता. आज असता तर चोरी करावीच लागली नसती.