मागणी परत आली होती, मग २०२१ मध्ये नव्या गाडीला इतकं वेटिंग का होतं?

घोडं अडलं चिपपाशी, म्हणजे गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चालवणाऱ्या इवल्याशा तुकड्यापाशी. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये गाड्या खपेनात, म्हणून कार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. तेव्हाच सगळं जग घरी बसून लॅपटॉप घेत सुटलं आणि चिपच्या कारखान्यांनी मोकळी झालेली क्षमता तिकडे वळवली. काही महिन्यांत गाड्यांची मागणी परतली, तोवर कार कंपन्या रांगेत शेवटी. चिप म्हणजे काही भजी नव्हे, घाणा टाकला की काढली. एक खेप निघायला तीनेक महिने लागतात.

त्यात २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासच्या हिमवादळाने ऑस्टिनचे चिप कारखाने बंद पडले, मार्चमध्ये जपानात रेनेसास या चिप कंपनीच्या कारखान्याला आग लागली. सप्टेंबरचं उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांवर येईल, असं मारुतीने जाहीरच केलं होतं.

गंमत म्हणजे अडत होतं ते बहुतेक साध्या, जुन्या धाटणीच्या, स्वस्तातल्या चिपवाचून. जपानातल्या २०११च्या भूकंपाने पोळल्यावर चिपचा साठा ठेवायला शिकलेली टोयोटाही सुटली नाही: २०२२ मध्ये जपानात नव्या गाडीसोबत दोन स्मार्ट (चिपवाल्या) चाव्यांऐवजी एक स्मार्ट आणि दुसरी आपली साधी किल्ली!